नळ, दूध, शाळा, वावर: एवढ्यातून सकाळ शांत कशी करायची?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलं की नाही हे तुम्हालाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव. घरात तुम्ही, मालक, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. पाच एकर वावर, एक म्हैस. नळ एक दिवसाआड, सकाळी सहाच्या सुमारास तासभर. दूध साडेसहापर्यंत संकलन केंद्रावर गेलं पाहिजे. मुलीची शाळेची बस, मानव विकास योजनेची, सव्वानऊला. सासूबाईंना साखर आहे. कापूस फुटला की तुम्ही वेचायला जाता. मोबाइलवर बघून पहाटे पाचला उठायचं, चालायचं, ध्यान करायचं, वहीत लिहायचं असं तुम्ही सुरू केलं. चौथ्या दिवशी मोडलं. परत केलं, परत मोडलं. आता नऊ वाजेपर्यंत ओरडून ओरडून घसा बसतो आणि तुम्ही विचारताय, "मी आळशी आहे का? साधी सकाळ मला का जमत नाही?"

आळशी बाई नळ, दूध, बस आणि डबे एका सकाळी सांभाळत नाही. तो शब्द आधी काढून टाका. मी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. आमच्या गृहभेटी सकाळीच व्हायच्या, कारण नंतर बाया वावरात जातात आणि दाराला कुलूप दिसतं. बाळाचं वजन, गरोदर बाईचा बीपी, म्हातारीच्या गोळ्या, या निमित्ताने कितीतरी घरांच्या सकाळी मी ओसरीत बसून पाहिल्या. काही घरांत आठ माणसं असून गोंगाट नसायचा, काही घरांत चौघं असून रोज आरडाओरड. कोण किती वाजता उठतं यात फारसा फरक नव्हता. शांत घरांत सकाळी ठरवायचं काही उरलेलं नसायचं. भाजी कोणती हे रात्रीच ठरलेलं, दप्तर भरलेलं, दूध कोण नेणार हे सगळ्यांना ठाऊक. गोंगाटाच्या घरांत मात्र एकच बाई सगळ्यांची कामं डोक्यात घेऊन फिरायची आणि बाकीचे तिला विचारत राहायचे: माझा मोजा कुठंय, डबा झाला का, आज नळ आहे का, गोळी घेतली का मी?

तुमच्या लिहिण्यात मला हेच दिसलं. हातांना काम पुष्कळ आहे, ते राहणारच. थकवा येतोय तो शोधण्याचा, ठरवण्याचा आणि दर दोन मिनिटांनी कुणाला तरी उत्तर देण्याचा. त्यावर पाचला उठणं हा उपाय नाही. पाचला उठलात तर तेच शोधणं पाचपासून सुरू होईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. घरात तान्हं बाळ असेल तर वर्षभर कुठलाही क्रम बसवायच्या भानगडीत पडू नये, मिळेल तेव्हा झोपावं. पाणी दूरच्या हातपंपावरून आणावं लागत असेल तर अर्धी सकाळ पाण्याचीच असते आणि माझ्या सांगण्यातलं अर्धंच लागू पडेल. रात्री घरात दारू आणि भांडण असेल, तर सकाळची घडी बसवून ते सुटत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. मालक कष्टाळू आहेत, सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत. म्हणून पुढचं लिहिते.

पहिलं म्हणजे घड्याळाच्या वेळा सोडा, कामांचा क्रम धरा. कारण सांगते. आपल्या भागात जानेवारीत सूर्य उगवतो तेव्हा सात वाजायला आलेले असतात. जूनच्या सुरुवातीला साडेपाचलाच उजाडतं. सव्वा तासाहून जास्त फरक. थंडीत पाचला उठलेली बाई दोन तास अंधारात असते, म्हशीजवळ जायलाही टॉर्च लागतो. त्यात शाळेच्या वेळा. शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची. उन्हाळा तापला की रोजच सकाळची. मग सुट्ट्या, आणि आपल्या विदर्भात शाळा उघडते जूनच्या अखेरीस. वावराचं तर विचारूच नका. पेरणीच्या दिवसांतली सकाळ वेगळी, वेचणीच्या दिवसांतली वेगळी, हरभऱ्याला ओलीत सुरू असेल तेव्हाची वेगळी. "सहा वाजता हे, सव्वासहाला ते" असं कागदावर लिहून भिंतीला लावलं की पहिल्याच शनिवारी ते खोटं पडतं, आणि आपल्याला वाटतं आपणच कमी पडलो. क्रम तसा मोडत नाही. उठणं, पाणी पिणं, थोडं स्वस्थ बसणं, मग गोठा, मग चूल, मग मुलं. शनिवारी याच क्रमातली मुलांची कामं तासभर अलीकडे सरकतात, एवढंच.

आता तुमच्या सकाळीतलं हलवता न येणारं काय ते बघू. नळ, दूध आणि बस. या तिघांची वेळ दुसरे ठरवतात, तुम्ही नाही. या तीन खुंट्या समजा. बाकी जे काही आहे, म्हणजे झाडलोट, भांडी, कपडे, देवपूजा, स्वयंपाक, ते या खुंट्यांच्या मधे बसवायचं किंवा सकाळीतून बाहेर काढायचं. तुम्ही लिहिलेल्या कामांतून मी दोन कामं सरळ बाहेर काढीन. एक, कपडे. नळाच्या दिवशी पाणी येतंय म्हणून तुम्ही त्याच तासात धुणं काढता, तिथेच दूध आणि डबा दोन्ही अडतात. नळाच्या तासात फक्त पाणी भरा. धुणं बस गेल्यावर, आणि वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी. दोन, आदल्या रात्रीची खरकटी भांडी. ती सकाळी समोर आली की चहाचं गंज, म्हणजे पातेलंसुद्धा घासून घ्यावं लागतं आणि दिवसाची सुरुवातच मागच्या कामाने होते. रात्री कंटाळा येतो हे मला माहीत आहे. निदान चहाचं गंज, कढई, तवा आणि डबे एवढं रात्री घासा, ताटं राहू द्या.

रात्रीचं एवढं बोलतेय कारण सकाळ खरंतर जेवणं झाल्यावर सुरू होते. तुमच्या घरासाठी रात्रीची कामं अशी दिसतात. उद्याची भाजी ठरवून निवडून ठेवायची, शेंगा असतील तर मोडून. चणे, मटकी, मूग यांपैकी काही भिजत घालायचं. म्हशीची ढेप (पेंड) भिजत घालायची आणि कुटार (भुसा) टोपल्यात काढून गोठ्याच्या दाराशी ठेवायचं. तुराट्या-पऱ्हाट्या आत आणायच्या. थंडीत त्या दहिवराने ओल्या झाल्या की आंघोळीचं पाणी तापत नाही आणि घरभर धूर होतो, त्यात सासूबाईंचा खोकला. दप्तरं मुलांनी स्वतः भरायची. शाळेचे कपडे, मोजे, पट्टा, मुलीची रिबीन, सगळं एका खुर्चीवर. बसचा पास दप्तराच्या त्याच कप्प्यात, कायम. टॉर्च चार्जिंगला लावायचा, कारण लाईनचा, म्हणजे विजेचा भरवसा नाही.

वाचताना हे पुष्कळ वाटेल. चौघांत वाटलं तर वीस मिनिटांचं काम आहे, आणि रात्री त्याच कामाला कुणी घाई करत नाही. सकाळी मोजा शोधताना बस चुकायची भीती असते. रात्री तोच मोजा सापडला नाही तर दुसरा काढता येतो.

मग उठायचं कधी? झोपेपासून मागे मोजा. मोठ्या माणसाला 7 तास तरी झोप लागते. तुमच्या मुलाच्या वयाला 9 ते 12 तास, मुलगी तेरा वर्षांची झाली असेल तर तिला 8 ते 10. तुम्ही लिहिलंय की मालिका आणि मोबाइल मिळून अकरा, साडेअकरा होतात. साडेअकराला झोपून पाचला उठायचं म्हणजे साडेपाच तास. चार दिवस माणूस हट्टाने उठतो, पाचव्या दिवशी शरीर ऐकत नाही. तुमचं चौथ्या दिवशी मोडलं यात नवल नाही, मोडायलाच हवं होतं.

आपल्याकडे पहाटे उठण्याला मोठा मान आहे, आणि तो मलाही आहे. तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ जिथे चालतं त्या गावांत सकाळचं सामुदायिक ध्यान होतं. सेवाग्रामच्या आश्रमात अजूनही पहाटेची प्रार्थना होते. पण तुकडोजी महाराजांच्या परंपरेत सकाळच्या ध्यानाबरोबर संध्याकाळची प्रार्थनाही आहे, सेवाग्रामलाही दिवस मावळताना प्रार्थना आहे. त्या दिनचर्येत संध्याकाळ बांधलेली आहे, म्हणून पहाट झेपते. आपण तिथली पहाट तेवढी उचलून आणतो आणि रात्र आपली मोकळी ठेवतो. तुम्हाला पाचला उठायचंच असेल तर दहाला घरातले दिवे मालवा. ते जमत नसेल तर साडेपाच ठीक आहे. नळ नसलेल्या दिवशीही साडेपाचच ठेवा; रोज वेगळी वेळ झाली की झोप बिघडते. इथे एवढं एकच घड्याळ धरा.

उठल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं तुमची. यात तडजोड करू नका असं मी आग्रहाने सांगते. चूळ भरून पाणी प्या, मोबाइलला हात लावू नका. गजर मोबाइलचा असेल तर शंभर-दोनशेचं गजराचं घड्याळ आणा आणि मोबाइल स्वयंपाकघराबाहेर चार्जिंगला ठेवा. सकाळी हातात मोबाइल आला की गटातले निरोप, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, सगळं डोक्यात शिरतं आणि उठायच्या आधीच माणूस दुसऱ्यांच्या घरात जाऊन येतं. ध्यान जमत नसेल तर नका करू. अंगण झाडून सडा टाका, दोन रेषांची रांगोळी काढा. कुणी बोलायला नसताना, हळूहळू केलं की मन त्यानेही जाग्यावर येतं. मी भेटीला जायचे तेव्हा एका घरची सून सडा टाकून झाल्यावर तुळशीजवळच्या दगडावर नुसती बसायची, हातात काही नाही. घरातल्या कुणी त्या वेळात तिला हाक मारायची नाही असं तिथे ठरूनच गेलं होतं. तिने कधी भांडून ते मिळवलं नव्हतं, रोज बसून बसून ते तिचं झालं. चालायला जाणं चांगलंच, पण गोठा, पाणी आणि वावर करणाऱ्या बाईला सकाळी व्यायामासाठी वेगळं चालण्याची गरज फारशी नसते. पाठ-कंबर धरत असेल तर दोन मिनिटं हातपाय ताणा, पुष्कळ झालं.

त्यानंतर गोठा. ढेप भिजलेली, कुटार दाराशी, म्हणजे धार काढायला उशीर होत नाही. दूध केंद्रावर कोण नेतं हे तुम्ही लिहिलं नाही. माझ्या मते ते मालकांचं काम ठरवून टाका. "जरा मदत करा" असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि रोज आठवण करून द्यायची जबाबदारीही तुमचीच. "दूध तुमच्याकडे, मुलाची आंघोळ तुमच्याकडे" असं सरळ ठरवा. आणि ठरल्यावर आठवण करू नका. दोन दिवस दूध उशिरा जाईल, केंद्रावरचा माणूस घेणार नाही, घरात दही जास्त होईल. होऊ द्या. तिसऱ्या दिवशी ते आपोआप उठतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. एक अपवाद ठेवा. रब्बीत ओलिताची लाईन रात्रीची असते त्या आठवड्यात ते रात्रभर वावरात असतात. त्या सकाळी त्यांना झोपू द्या आणि दूध शेजारच्यांबरोबर पाठवायची सोय आधीच बोलून ठेवा. अशी सोय दोन घरांनी आलटून पालटून केली तर कुणाचे उपकार राहत नाहीत.

सासूबाईंचं जरा जपून. तुम्ही लिहिलंय की त्यांना कामं सांगायला संकोच वाटतो, आणि त्या मधे मधे सूचना देत राहतात. माझा अनुभव असा की बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला सूचना द्याव्याशा वाटतातच, कारण घरात आपली गरज आहे का हे त्यांना कळत नसतं. त्यांना बसल्या जागचं, पण खरंखुरं काम द्या. नातवाला उठवणं, नातीची वेणी, भाजी निवडणं, नळाला पाणी आलं की आवाज देणं. विचारताना "आई, पोराला तुम्हीच उठवा बाप्पा, माझ्या हाकेनं तो उठत नाही" असं विचारा. ते खरंही असतं. आणि सकाळची मांडणी बदलायच्या आधी त्यांच्याशी एकदा बोला. चूल, देवघर आणि पाण्याची जागा यांत न विचारता केलेला बदल आठवडाभरही टिकत नाही.

त्यांच्या साखरेच्या गोळ्यांसाठी मात्र घड्याळ लागतं. साखरेच्या काही गोळ्या जेवणाआधीच्या असतात, काही जेवणानंतरच्या. कोणती कधी हे डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्यांना विचारून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. काही गोळ्या घेऊन खायला उशीर झाला की साखर एकदम उतरू शकते, मग हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं. असं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी किंवा गूळ द्यायचा. रोजची चतकोर भाकर आणि भाजी त्यांच्यासाठी सगळ्यात आधी काढून ठेवली की ही वेळ सहसा येत नाही. डब्यांच्या घाईत आपण म्हाताऱ्या माणसाला शेवटी वाढतो, साखर असलेलं माणूस ज्या घरात आहे तिथे तर ते उलटं हवं.

मुलांच्या खाण्याचा तुम्ही फार ताण घेतलाय असं वाटलं. मुलगा तिसरीत, मुलगी आठवीत. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण असतं. त्यामुळे दोन भाज्यांचा भरगच्च डबा सकाळीच व्हायला हवा असं नाही. जास्त महत्त्वाचं आहे ते घरातून निघण्याआधी पोटात काय जातं. चहा आणि टोस्ट हे खाणं नव्हे. भिजलेले चणे कांदा-तिखटमीठ लावून, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, दूध-भाकर, फोडणीची भाकर, थंडीत तिळाची चटणी लावून गरम पोळी, यातलं काहीही चालतं आणि कशालाही दहा मिनिटांहून जास्त लागत नाही. रात्रीची भाकर थंडीत चांगली राहते. एप्रिल-मे महिन्यात मात्र रात्रीचा भात-वरण सकाळी देऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते रात्रीतून आंबतं. आठवड्याच्या सात सकाळींचं खाणं एकदा ठरवून टाका आणि महिनाभर तेच चालू द्या. मुलं कंटाळतील असं आपल्याला वाटतं. त्यांना माहीत असलेलं खाणं आवडतं, आणि "आज काय करू" हा रोजचा प्रश्न तुमच्या डोक्यातून जातो.

मुलगी आठवीत आहे. तिच्यावर सकाळची कामं टाकताना हात आखडता घ्या. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की आईची अर्धी सकाळ तिच्या अंगावर जाते, मुलगा मात्र अंथरुणात. तिची स्वतःची तयारी, अंथरूण आणि पाण्याच्या बाटल्या एवढं पुरे. मुलाकडेही तेवढंच द्या. आठ-नऊ वर्षांचं पोरगं आपलं अंथरूण घडी घालू शकतं आणि बाटली भरू शकतं.

नळाचं एक सांगायचं राहिलं. एक दिवसाआड पाणी म्हणजे ड्रम, कोठी, माठ भरलेले राहणार. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. यासाठी आठवड्यातली एक सकाळ ठरवा, शक्यतो नळाच्या दिवशीची आणि बस-शाळेची घाई नसलेली. रविवार तुम्हाला सोयीचा दिसतो. त्या सकाळी हे एकच जादा काम, दुसरं नाही.

इथवरचं एकदा ओवून सांगते. नळाच्या तासात फक्त पाणी. भाजी, दप्तर, ढेप, सरपण रात्री. दहाच्या सुमारास झोप, साडेपाचला उठणं, पहिली पंधरा मिनिटं तुमची. मग गोठा, दूध मालकांकडे. सासूबाईंचं खाणं आधी, मुलांचं ठरलेलं. धुणं बस गेल्यावर. सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा: रात्री भाजी-दप्तर, आणि सकाळी मोबाइल दूर. त्या अंगवळणी पडल्या की दुधाचं बोला. त्यानंतर धुणं हलवा.

मोडेल कधी तेही सांगून ठेवते. पोळ्याला, महालक्ष्मीला, घरात पाहुणे आले की, लग्नसराईत, आणि पहिला पाऊस पडून पेरणीची झुंबड उडाली की ही घडी मोडणारच. त्या दिवसांत रात्रीची भाजी-दप्तर आणि सासूबाईंची गोळी एवढंच सांभाळा, बाकी जाऊ द्या. पाहुणे गेले त्या रात्री पुन्हा दप्तरापासून सुरू करायचं. वेचणीच्या हंगामात तुम्ही स्वतः आठ-नऊला निघता, तेव्हा तुमची शिदोरी आणि पाणी मुलांच्या डब्याबरोबरच भरा. बायका सगळ्यांचे डबे भरून स्वतः चहावर वावरात जातात आणि दुपारी गरगरतं म्हणून माझ्याकडे यायच्या. उन्हाळ्यात वावराची कामं दहाच्या आत आटपून घरी यायचं असेल तर क्रम तोच ठेवून झोपही अलीकडे आणा, आणि दुपारी ऊन डोक्यावर असताना अर्धा तास आडवं व्हा. त्यात अपराध वाटून घेण्यासारखं काही नाही, चाळीस-पंचेचाळीस अंशांत शरीराला ते लागतंच.

शेवटचं, आणि हे मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीमुळे लिहावंसं वाटलं. तुम्ही म्हणता, "उठतानाच थकलेली असते, जिना चढले तरी धाप लागते, आणि कारण नसताना रडू येतं." हे नुसतं सकाळच्या गोंधळाचं लक्षण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अंगात रक्त कमी असताना कितीही चांगला क्रम बसवला तरी चिडचिड राहते. उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. पाळी जास्त जात असेल तर तेही सांगा, लाजू नका. थायरॉइडची तपासणी हवी का हे डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका. चहाने लोह अंगी कमी लागतं, गोळी आणि चहा यांत दोनेक तास अंतर ठेवा आणि लिंबूपाणी घेतलंत तर उत्तम. जेवणावर लगेच चहा घ्यायची आपल्याकडची सवयही त्याच कारणाने सोडा. रडू येणं, झोप उडणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर 14416 हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हिमोग्लोबिन तपासायला उपाशीपोटी जावं लागत नाही. तेव्हा बस गेल्यावर, दोन घास खाऊन, सासूबाईंनाही बरोबर घ्या. त्यांची साखर आणि बीपी त्याच फेरीत होईल. फक्त त्यांची उपाशीपोटीची साखर बघायची असेल तर त्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी कधी घ्यायची, हे आदल्या दिवशीच आशाताईंकडून विचारून घ्या.